पट्टीवरची वीरपत्नी

माझ्या नवऱ्याला सुभेदार करायला सैन्याला अख्खी नोकरी लागली. टीव्हीवाल्यांनी त्यांना एका संध्याकाळात कर्नल केलं.

आमचं घर साताऱ्यात, शहर संपून शेतं सुरू होतात तिथं आहे. ह्यांचं मूळ गाव वडूजच्या पलीकडं, पावसानं कायम हुलकावणी दिलेल्या भागात. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. धाकटे दीर अजूनही मेंढरं घेऊन फिरतात आणि जोडीला थोडी बाजरी करतात. हे मात्र मिसरूड फुटायच्या सुमाराला भरतीच्या रांगेत उभे राहिले, तोफखान्यात गेले आणि एका कानानं कमी ऐकू येऊ लागल्यावर परतले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची. आमचा एकुलता मुलगाही बापाच्याच वाटेनं गेला. सून पाचगणीकडची, स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घरातली. ती शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी करते आणि कंपनीच्या बसनं रोज जाऊन येऊन असते. मुलगा तेव्हा सीमेवर होता. नेमका कुठं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं. फौजी घरात तो प्रश्न विचारत नाहीत.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाईला तोंड फुटलं तेव्हा त्याचा एक फोन आला. आता काही दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका, मीच करीन, एवढं बोलून त्यानं ठेवला. सुनेनं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी डबा घेऊन कामावर गेली. मी गच्चीवर कुरडया घातल्या. ह्यांनी टीव्ही लावला.

लढाईच्या बातम्या मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. मुलगा माझ्या कडेवर होता तेव्हाही एकदा हे डोंगरात अडकले होते. तेव्हा बातम्या वाचणारी बाई चेहऱ्यावरची रेषही न हलवता वाचायची, आणि जे ठाऊक नाही ते अजून ठाऊक नाही असं सांगायची. त्या बाईवर विश्वास ठेवून मी ते दिवस काढले. आता कुणी बातमी वाचत नाही. आता निवेदक लष्करी रंगाचं जाकीट घालून स्टुडिओत येरझाऱ्या घालतो. मागं वाळूची पोती रचलेली असतात. जमिनीवर नकाशा असतो आणि त्यावर खेळण्यातल्यासारखी विमानं फिरतात. प्रत्येक वाक्याआधी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. शेजारच्या म्हातारीला तो भोंगा खरा वाटला. भर दुपारी ती खाटेखाली जाऊन बसली आणि तिच्या सुनेनं किती समजावलं तरी बाहेर येईना. वातानुकूलित खोलीत बसून ज्या माणसानं तो भोंगा वाजवायला सांगितला, त्याला ही म्हातारी कधी कळणार नाही, आणि कळली तरी तो तिच्याकडं कॅमेरा पाठवील.

एका वाहिनीनं शत्रूचं बंदर जाळलं. दुसरीला ते कमी वाटलं, म्हणून तिनं राजधानी घेतली. सकाळी उजाडल्यावर बंदरही जागेवर होतं आणि राजधानीही. कुणी चूक कबूल केली नाही. निवेदक नुसते शर्ट बदलून आले आणि पुढची शहरं घ्यायला लागले.

हे सगळं बघताना ह्यांचा जीव कासावीस व्हायचा. रागावून टीव्ही बंद करायचे आणि चहा पिऊन झाला की परत लावायचे. ह्यांना ते पटत होतं म्हणून नव्हे. मुलाचा फोन बंद होता आणि तिकडची खिडकी म्हणून घरात ती एकच होती, मग तिच्यातून दिसणारं चित्र खोटं का असेना.

अशात एका वाहिनीतून एका मुलीचा फोन आला. माजी सैनिकांच्या कुठल्याशा यादीतून तिला ह्यांचा नंबर मिळाला होता. संध्याकाळच्या चर्चेत तोफखान्याचा अनुभव असलेलं कुणीतरी हवं होतं. ह्यांनी होकार दिला. मी विचारलं, त्या कोंबडबाजारात तुम्ही काय करणार? हे म्हणाले, "कुणीतरी शहाण्यासारखं बोलाय नको व्हय? सगळीच वरडत्यात." त्यात मला काही खोट दिसली नाही. मीच कोटाला इस्त्री केली आणि पदकं ब्रासोनं घासून दिली. घरूनच बोलायचं होतं, म्हणून फोन उभा करायला स्टीलच्या डब्याचा आधार घेतला. त्या मुलीनं आधी मागचं पुस्तकांचं कपाट हलवायला लावलं आणि मग तिथं तिरंगा लावता येईल का, असं विचारलं.

चर्चा सुरू झाली. पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येक चौकटीत एक माणूस तोंड उघडं टाकून बसलेला. ह्यांच्या चौकटीखाली नाव आलं आणि नावाआधी कर्नल. खाली ‘युद्धतज्ज्ञ’. निवेदकानं विचारलं, "कर्नल साहेब, किती तासांत शत्रू गुडघे टेकणार?"

हे शांतपणे म्हणाले, "मला म्हाईत न्हाई. पहिली गोष्ट, मी कर्नल न्हाई, सुभेदार हाय. दुसरी, कुठली तुकडी कुठं हाय ह्ये असं नकाशावर दाखवू नगा. आमची पोरं हाईत तिथं."

यातलं अर्धं लोकांपर्यंत पोचायच्या आतच आवाज बंद केलेला. निवेदक कॅमेऱ्याकडं वळून म्हणाला, "ऐकलंत? कर्नल साहेब सांगतायत, आमची पोरं तिथं सज्ज आहेत." त्यानंतर उरलेला सगळा वेळ ह्यांचे ओठ हलत होते आणि आवाज दुसऱ्याच कुणाचातरी येत होता.

कार्यक्रम संपल्यावर ह्यांनी त्या मुलीला फोन करून हुद्द्याचं विचारलं. प्रेक्षकांना सुभेदार म्हणजे काय ते कळत नाही सर, असं तिनं सांगितलं. मला हसू आलं, पण ह्यांना नाही आलं. ज्या हुद्द्यासाठी माणसानं बर्फात आणि वाळवंटात वर्षं घातली, तो हुद्दा तिला पडद्यावर बारीक दिसत होता. कॉलनीतले लोक दुसऱ्या दिवशी ह्यांना कर्नल साहेब म्हणून हाका मारायला लागले. हे प्रत्येकाला थांबवून सांगत होते आणि लोकांना तो विनय वाटत होता.

त्या बोलण्यातून वाहिनीनं एकच गोष्ट नेमकी टिपली होती. ‘आमची पोरं’ म्हणताना ह्यांचा आवाज हलला होता. त्या मुलीनं फोनवर सहज विचारलं, तुमच्यापैकी कुणी आहे का तिकडं, आणि ह्यांनी सरळपणे मुलगा आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून एक वार्ताहर आणि एक कॅमेरावाला दारात हजर.

वार्ताहर कपड्यांनी नीटनेटका, बोलायला गोड आणि विचारायला निर्लज्ज होता. त्यानं आधी मला विचारलं, आई म्हणून तुम्हाला या क्षणी काय वाटतंय? मी सांगितलं, कुरडया वाळल्यात, त्या काढायच्यात. ते त्याला उपयोगाचं वाटलं नाही. मग तो सुनेची वाट बघत बसला. ती बसमधून उतरून घामानं निथळत घरात आली, तर समोर दिवा, माइक आणि परका माणूस. त्यानं भिंतीवरचा तिच्या नवऱ्याचा गणवेशातला फोटो काढून टेबलावर ठेवला. शेजारी फुलं हवी होती. आणि तिनं ताट घेऊन औक्षण करावं, अशी त्याची कल्पना होती.

सुनेनं विचारलं, "औक्षण कुणाला करू? ते इथं नाहीत."

"फोटोला करा ना," तो म्हणाला.

सुनेनं फोटो उचलून परत खिळ्याला लावला. नवरा कुठल्या भागात आहे, हे तरी सांगा, असं तो म्हणाला. ती माइकमध्ये सरळ म्हणाली, "मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं." त्या दिव्याच्या झळीनं तिला आणखी घाम फुटला होता. तिनं ओढणीनं कपाळ आणि डोळे पुसले आणि हातपाय धुवायला आत निघून गेली. ह्यांनी त्या दोघांना पाणी दिलं आणि रस्ता दाखवला. मला वाटलं, झालं, सुटलो.

संध्याकाळी दाखवलं त्यात तिचं एकही वाक्य नव्हतं. नुसतं डोळे पुसणं होतं, तेही सावकाश केलेलं, आणि त्यावर सारंगीसारखं रडकं संगीत. कोपऱ्यात मुलाचा फोटो. तो भिंतीवर असतानाच कॅमेरावाल्यानं टिपला असणार. खालच्या पट्टीवर लिहिलं होतं, ‘साताऱ्यातील वीरपत्नीला अश्रू अनावर’.

मी आयुष्यभर मुलांना शब्द शिकवले. एखाद्या शब्दाची भीती वाटावी, असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. वीरपत्नी कुणाला म्हणतात हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही कळतं. गावोगावी त्या आहेत. ध्वजवंदनाला त्यांना पहिल्या रांगेत बसवतात, साडी-नारळ देतात आणि वर्षभर विसरतात. नवरा जिवंत असलेल्या बाईला आमच्याकडं कुणी चुकूनसुद्धा तो शब्द लावत नाही. वाहिनीतल्या कुणीतरी खुर्चीत रेलून, भारदस्त वाटतो म्हणून तो टंकला होता.

सून माझ्याच शेजारी बसली होती. तिनंही वाचलं. "मूर्ख आहेत," एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला उठली.

मग फोन सुरू झाले. पहिला दिरांचा आला. पलीकडून नुसता हुंदका. मी त्यांना सांगितलं, काही झालेलं नाही, चुकीचं लिहिलंय. त्यांनी बरं म्हटलं आणि ठेवला. मग सुनेच्या माहेरचा, मग माझ्या जुन्या शाळेतला, मग ज्यांनी वर्षानुवर्षं फोन केला नव्हता त्यांचे. प्रत्येकाला मी तेच सांगत होते. मी जितक्या शांतपणे सांगायची, तितकी लोकांची खात्री पटत होती की बाई धीराची आहे, सुनेपासून लपवतेय. टीव्हीवर दाखवलंय म्हणजे झालंच असणार. घरचे नाही म्हणतात म्हणजे त्यांना अजून धक्का पचलेला नाही. माणसाच्या तोंडच्या शब्दाची किंमत पडद्यावरच्या पट्टीपुढं इतकी घसरलेली मी पहिल्यांदा पाहिली. हे त्या मुलीला फोन लावत होते. ती उचलत नव्हती. शेवटी तिचा निरोप आला, नोंद घेतली आहे सर.

सकाळी सून बसची वेळ झाली म्हणून केस विंचरत होती. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पिकअपमधून दीर उतरले, मागं गावचे पाच-सहा बाप्ये, आणि सगळ्यांत शेवटी ह्यांची थकलेली आत्या, जिनं मुलाला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. आत्यांनी फाटकातच बसकण मारली आणि मोकळा गळा काढला. त्यांच्या मागोमाग पाचगणीकडची गाडी आली. सुनेचे वडील डोळे पुसत खाली उतरले. ते पायांत चप्पल न घालताच घाट उतरून आले होते.

सून हातात कंगवा घेऊन दारात उभी होती. आत्या रडताना तिनं पाहिल्या आणि ती गोंधळली. पण वडिलांना पाहिल्यावर तिचा चेहरा उतरला. तिचे वडील चारचौघांत कधी रडलेले तिनं पाहिले नव्हते. ती वळून माझ्याकडं आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, काल खरंच चुकीचं लिहिलं होतं? का तुम्ही माझ्यापासून लपवताय?"

मी शपथ घेऊन सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचे डोळे माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होते. तिला दाखवायला माझ्याजवळ काय होतं? मुलाचा फोन बंद. त्याचा आवाज नाही, चिठ्ठी नाही. तो जिवंत आहे याचा पुरावा माझ्याकडं नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला माझ्याही मनात पाल चुकचुकली. म्हटलं, टीव्हीवाल्यांना आपल्याआधी काही कळलेलं असेल तर? ती पट्टी लिहिणारा एवढा तुच्छ माणूस, आणि त्यानं माझ्या स्वतःच्या घरात मला माझ्याच शब्दावर शंका घ्यायला लावली. त्यासाठी मी त्याला कधी माफ करणार नाही.

याच वेळी सांगलीचे भाऊजी आले. हे आणि ते तोफेवर एकत्र होते. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सांगलीत वडिलांचं गाद्या भरायचं दुकान चालवू लागले. ईदेचा शीरखुर्मा ते दर वर्षी डब्यात घेऊन येतात आणि दिवाळीचा फराळ नेतात. पहाटेच्या एसटीनं वहिनींना घेऊन ते निघाले होते. इतर लोक सांत्वनाला आले होते. भाऊजींनी आल्या आल्या ह्यांना एकच प्रश्न केला, "युनिटचा मानूस आला काय?"

हे म्हणाले, न्हाई.

"कुनाचा फोन? तार? कायबी?"

"कायबी न्हाई."

भाऊजी सुनेजवळ गेले आणि तिला म्हणाले, "पोरी, आमी दोघांनी अशा बातम्या घरी जाऊन दिल्यात. ती बातमी मानूस घिऊन येतो, दारात टोपी काढून उभा ऱ्हातो. ती टीव्हीवर येत न्हाई. आला न्हाई म्हंजी न्हाई."

तोवर चौकात गर्दी झाली होती. कुठल्यातरी पुढाऱ्याची माणसं फ्लेक्स घेऊन आली होती. टीव्हीवरूनच उचललेला मुलाचा फोटो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याच्यापेक्षा मोठा पुढाऱ्याचा फोटो. एवढ्या लवकर छापून कसा मिळाला, मला ठाऊक नाही. ते तो आमच्या कुंपणाला बांधायला लागले. भाऊजींनी जाऊन दोरी सोडली. एक तरणा गडी त्यांच्या दाढीकडं बघून म्हणाला, तू कोण? भाऊजी म्हणाले, "मी ह्या पोराच्या बारशाला हुतो. तू हुतास का?" आणि फ्लेक्सची गुंडाळी करून त्याच्या हातात दिली. तो गडी वाद घालणार होता, पण ह्यांना येताना पाहून मागं सरला.

सून हे सगळं दारातून पाहत होती. मग ती स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, रडायला गेली. मी मागोमाग गेले तर तिनं गॅस पेटवला होता आणि सगळ्यांत मोठं पातेलं चढवत होती.

"आई, घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही ना?" ती म्हणाली. "मग मी पेटवते. सगळ्यांना जेवायला वाढते. त्याशिवाय ह्या लोकांना कळायचं नाही."

तिला खात्री पटली होती असं नाही. तिच्या हातून बेसनात पाणी जास्त पडलं. पण तिनं ठरवलं होतं. भाऊजींच्या बायकोनं पदर खोचला आणि पीठ मळायला घेतलं. मी भाकरी थापायला बसले. बाहेर अंगणात बसलेल्या बाप्यांना पिठल्याचा वास गेला तसे ते एकमेकांकडं बघायला लागले. सुतकाच्या घरी जेवायला आलेलं कुणी नव्हतं. ताटं वाढली तरी कुणी हात घालेना. शेवटी आत्यांनी डोळे पुसले, सुनेकडं नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, "पोर वाढतीया, म्हंजी पोरगं हाय. खावा रं." त्यांनी पहिला घास घेतल्यावर बाकीचे जेवले. सुनेचे वडील जेवले नाहीत, पण तिच्या हातचं पाणी प्यायले.

जेवणं चालू असताना वाहिनीतल्या त्या मुलीचा फोन आला. घरी गर्दी जमलीय अशी बातमी आहे, खात्री करता का सर, आणि लाइव्ह येता का? स्वतःच्या पट्टीनं जमवलेली गर्दी तिला आता बातमी म्हणून हवी होती. मी ह्यांच्या हातातून फोन घेतला. आवाज न चढवता मी तिला विचारलं, वीरपत्नी म्हणजे कोण, हे तुला ठाऊक आहे का?

"मॅम, ते आम्ही आदरानं लिहिलं होतं," ती म्हणाली.

मी तिला अर्थ सांगितला, शाळेत सांगायचे तसाच. ती मग म्हणाली, ती पट्टी दुसऱ्या शिफ्टमध्ये लिहिली गेली, तिचा काही संबंध नाही. दुरुस्ती करा, असं मी म्हटलं. वरती कळवते, असं तिनं सांगितलं. दुरुस्ती कधीच आली नाही. दुपारी त्यांच्या पडद्यावर आमच्या चौकाचं दृश्य होतं आणि खाली ‘साताऱ्यात शोककळा’. जेवून पान खात उभे असलेले आमच्या गावचे दोन बाप्ये त्यात स्पष्ट दिसत होते.

ह्यांनी दिवसभर ओळखी काढून जुन्या साहेबांपर्यंत फोन पोचवला. तिसऱ्या प्रहरी उलट निरोप आला, की त्या युनिटमधून कुणाच्याही घरी कळवण्यासारखं काही नाही. ह्यांनी तो फोन मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला होता. त्यानंतर दीर पिकअपमध्ये माणसं भरून परतले. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आले होते.

तरी मुलाचा स्वतःचा फोन येईपर्यंत सून कामावर गेली नाही. लढाई थांबली आणि मग त्याचा फोन आला. सुनेनं तो कानाला लावला. आधी ती त्याच्याशी भांडली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम बाहेर गेले. नंतर त्यानं आम्हाला सांगितलं की त्याच्या एका जोडीदाराच्या बायकोनं ते पाहिलं होतं आणि युद्ध थांबल्यावर त्याला पहिला निरोप मिळाला तो स्वतःच्या मरणाचा. शिवाय त्यांच्या ठाण्याच्या मागच्या बाजूलाही टीव्हीवाल्यांचा एक चमू दिवे आणि गाड्या घेऊन पोचला होता. साहेबांनी त्यांना हाकललं, पण तोवर संध्याकाळच्या अंधारात ते दिवे चांगले लांबून दिसत होते. तो एवढंच बोलला आणि विषय बदलला. ह्यांनी पुढं विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी त्या वाहिनीवाल्यांना अशी शिवी दिली, जी मी त्यांच्या तोंडून संसारात कधी ऐकली नव्हती.

वाहिन्यांना युद्ध संपल्याचं दुःख लपवता आलं नाही. दोन दिवस त्यांनी ते पुन्हा पेटवायचा प्रयत्न केला, मग एका नटाच्या लग्नाकडं वळल्या. सुनेची ती चित्रफीत अजूनही इंटरनेटवर आहे. खाली हजारो लोकांनी हात जोडलेत. ती काढून टाकावी म्हणून ह्यांनी लिहिलं, त्याला यंत्रानं पाठवलेलं धन्यवादाचं उत्तर आलं. पावसाळ्यात त्याच मुलीचा परत फोन आला. कराडकडं उसात बिबट्या निघाला होता आणि त्यावर बोलायला कुणी निवृत्त अधिकारी हवा होता. ह्यांनी विचारलं, बिबट्याचा आणि माझा काय संबंध? ती म्हणाली, सर, तुम्ही स्क्रीनवर छान दिसता.

ऑगस्टमध्ये एका महिला मंडळाचं बोलावणं आलं. वीरपत्नी म्हणून सुनेचा सत्कार करायचा होता. तिनं सांगितलं, माझे मिस्टर सुखरूप आहेत. अध्यक्षबाई म्हणाल्या, मग बघतो, यंदा सत्कारमूर्ती जास्त झाल्यात.

मुलगा दिवाळीनंतर रजेवर आला. आम्ही सगळे त्याला घेऊन गावाकडं गेलो. वडूजच्या बाजारात लोक त्याला थांबवून हात मिळवत होते. काहींच्या चेहऱ्यावर आनंद होता. काहींच्या चेहऱ्यावर, मी खोटं बोलणार नाही, थोडा हिरमोड होता. टीव्हीवर रडून घेतलेलं माणूस समोर उभं राहून पेरू खात असलं की आपलं रडणं वाया गेल्यासारखं होत असावं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना ते दुःख कुणीतरी घरपोच दिलं होतं आणि परत न्यायला कुणी आलं नव्हतं.

आत्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी मुलाला जवळ बसवून त्याचे कान, नाक, हनुवटी, खांदे चाचपले. मग सुनेला हाक मारली आणि तिचाही हात धरला. त्या म्हणाल्या, "ल्योक बारीक झालाय गं. तिथं नीट खायाला घालत न्हाईत का?" मुलगा म्हणाला, घालतात आत्ती, रोज घालतात. दिरांनी त्याला मेंढरांकडं न्यायला हाक मारली आणि तो चपला घालून त्यांच्यामागं गेला. सून आत्यांच्या शेजारी बसून राहिली आणि त्यांना शिरवळच्या कारखान्यात नेमकं काय बनतं ते समजावून सांगत होती.